आपल्या शाळेला ज्यांचं नाव आहे त्या कस्तुरबा: मुलींचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात मी शिकवते. सहावीत येणाऱ्या मुली पहिल्या आठवड्यातच विचारतात, "बाई, ह्या कस्तुरबा कोण?" पालकसभेला आलेल्या आया विचारतात, थोड्या अंतराने वडीलही विचारतात. ऑक्टोबर आला की भाषणं लिहून घ्यायला मुली वहीच घेऊन येतात. या प्रश्नांना दोन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे सविस्तर लिहिलं आहे.

कस्तुरबा म्हणजे गांधीजींच्या पत्नी, एवढंच ना?

हे बरोबरच आहे, पण सुरुवातीपुरतं. कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ चा, गुजरातेतल्या पोरबंदरचा. माहेरचं आडनाव कापडिया. वडील गोकुळदास माकनजी व्यापारी होते आणि घर खाऊनपिऊन सुखी होतं. गांधीजी त्यांच्याहून काही महिन्यांनी लहान. 'बा' म्हणजे गुजरातीत आई. पुढे आश्रमातली माणसं त्यांना बा म्हणू लागली आणि मग सगळा देशच म्हणू लागला.

दक्षिण आफ्रिकेत त्यांनी सक्तमजुरीची शिक्षा भोगली. चंपारणच्या खेड्यांत झोपड्याझोपड्यांतून फिरून काम केलं. दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं केली. सत्तरीला टेकल्या असताना एका संस्थानाविरुद्धच्या लढ्यात उतरून अटक करून घेतली, आणि शेवटचा श्वास घेतला तेव्हाही त्या सरकारच्या कैदी होत्या. यातला पहिला तुरुंगवास त्यांनी स्वतः मागून घेतला होता. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे, कारण माझ्या मते त्यांना ओळखायचं ते तिथपासून.

त्यांचं लग्न किती वर्षांच्या असताना झालं?

तेराव्या वर्षाच्या सुमारास. वर्गात हे सांगितलं की मुली एकमेकींकडे बघतात, कारण सातवी-आठवीतल्या मुलींचं वय तेच असतं.

गांधीजींनी आत्मकथेत या लग्नाबद्दल लिहिलंय. घरात तीन लग्नं एकाच मांडवात उरकली: त्यांचं स्वतःचं, मोठ्या भावाचं आणि एका चुलतभावाचं. कारण काय, तर खर्च वाचावा. आपल्याकडेही मोठीच्या लग्नात धाकटीचं उरकून टाकतात, तेही एका जेवणावळीत भागावं म्हणूनच. गांधीजींनी त्या लग्नाचं समर्थन केलेलं नाही. इतक्या लहान वयात लग्न लावणं नीतीला धरून आहे असं म्हणण्यासारखा एकही मुद्दा आपल्याला दिसत नाही, असं ते म्हणतात. पहिलं बाळ झालं तेव्हा बा सोळा वर्षांच्या होत्या. ते बाळ काही दिवसच जगलं.

हे मी मुलींपासून लपवत नाही, आणि पालकांपासून तर मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. बीड आणि परभणी जिल्ह्यांत दहापैकी चाराहून जास्त मुलींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झाल्याचं तिने दाखवलं. 'बांचं नाही का झालं तेराव्या वर्षी, काय बिघडलं?' असं कोणी म्हणालं, तर त्या बाळाची आठवण करून द्यावी. आज कायद्याने मुलीचं वय अठरा पूर्ण लागतं. गावात ग्रामसेवकाकडे बालविवाह रोखण्याची जबाबदारी आहे, आणि १०९८ या क्रमांकावर मुलगी स्वतःही फोन करू शकते. नाव सांगायची गरज नसते.

बा शिकलेल्या होत्या का?

नाही. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. गांधीजींनी शिकवायचा प्रयत्न केला, पण तेव्हा ते स्वतःच पोरगेले नवरे होते. दिवसा मोठ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायचं नाही अशी घरची रीत, आणि रात्री शिकवणं व्हायचं नाही. पुढेही नीट शिक्षण असं झालंच नाही. साधी गुजराती वाचावी, अडखळत का होईना पत्र लिहावं, एवढं त्यांनी मिळवलं. सत्तरी ओलांडल्यावर आगाखान पॅलेसच्या कैदेत त्या पुन्हा वही घेऊन बसल्या, भूगोल शिकू लागल्या. गांधीजी शिकवायचे आणि पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

अक्षर न येणारी बाई बिनअकलेची, असं आपल्याकडे फार सहज धरतात. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलींच्या आया अंगठा देतात. त्याच आया ऊसतोडीच्या मुकादमाचा हिशेब तोंडी चुकता करतात. बांकडे पाहताना मला या बायका आठवतात, म्हणून 'बा अडाणी होत्या' हे वाक्य मी भाषणातून काढायला लावते. 'बांना शिकायला मिळालं नाही' असं लिहायला सांगते.

गांधीजींनी बांना हाताला धरून घराबाहेर काढायला नेलं होतं, हे खरं आहे का?

खरं आहे. गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला माहीत आहे. १८९८ ची गोष्ट, दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनची. त्यांच्या घरी त्यांचे कारकून राहायचे. खोल्यांत मोरी नव्हती, त्यामुळे लघवीची भांडी ठेवलेली असत आणि ती नवरा-बायको दोघं स्वच्छ करत. एक नवा कारकून आला. तो जन्माने अस्पृश्य समाजातला, घराणं ख्रिस्ती झालेलं. त्याचं भांडं उचलणं बांना जड गेलं. त्यांनी उचललं, पण डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर राग होता. गांधीजींना ते काम हसतमुखाने केलेलं हवं होतं. ते ओरडले, आणि हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या मुलखात आईबाप नाहीत, नातेवाईक नाहीत, मी जाऊ कुठे, जरा लाज बाळगा आणि फाटक लावून घ्या, अशा अर्थाचं बा त्यांना बोलल्या. गांधीजी शरमले आणि त्यांनी फाटक लावलं.

या प्रसंगात दोघांचंही चुकलेलं आहे. बांच्या मनात शिवाशीव होती. गांधीजी माणुसकीच्या गोष्टी सांगता सांगता बायकोवर जबरदस्ती करत होते. पण त्या घटकेला शुद्धीवर कोण होतं, तर बा. थोर माणसाचं वागणं म्हणून हे झाकून ठेवायचं मला पटत नाही. घरात हात उचलला गेला तर ती चूकच, मग माणूस कितीही मोठा असो, हे आमच्या मुलींना कळायलाच हवं. अहिंसेचा धडा आपण बायकोकडून शिकलो, असं गांधीजी पुढे सांगत.

दागिन्यांचं भांडण काय होतं?

मला बांच्या आयुष्यातला हा भाग फार मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगते.

१९०१ साली गांधी कुटुंब दक्षिण आफ्रिकेतून भारतात परत यायला निघालं. तिथल्या भारतीय लोकांनी निरोपाला भेटी दिल्या: सोन्याच्या साखळ्या, घड्याळं, हिऱ्याच्या वस्तू. त्यात पन्नास गिनींचा एक सोन्याचा हार खास बांसाठी होता. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. लोकसेवेचा मोबदला घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि सगळं सार्वजनिक कामाच्या विश्वस्त निधीत टाकायचा मसुदा तयार केला. मुलांना त्यांनी आधी पटवलं, मग बांकडे गेले.

बा ऐकेनात. पुढे सुना येतील त्यांना काय घालू, हा त्यांचा एक मुद्दा. माझ्या अंगावरचे दागिने तुम्ही आधीच उतरवलेत, हा दुसरा. हार तर मला दिलेला आहे, तो परत करायचा तुम्हाला काय अधिकार, हा तिसरा. गांधीजी म्हणाले, तो हार तुझ्या सेवेसाठी मिळाला की माझ्या? त्यावर बा म्हणाल्या की तुमची सेवा ती माझीही सेवा झाली. तुमच्यासाठी मी रात्रंदिवस राबले, येईल त्याचं केलं, रडत रडत केलं, ही सेवा नाही का?

गांधीजींनी लिहिलंय की हे बोल मनाला लागले. तरी दागिने परत गेलेच. निधी झाला आणि तो पुढे समाजाच्या कामी आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी कोणी दिलं नाही.

तो प्रश्न आपल्याकडे आजही तसाच पडून आहे. आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलींचे आईबाप ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजतात. नवरा तोडतो, बायकोही तोडते. मोळ्या बांधणं, डोक्यावर घेऊन गाडीत भरणं हे तिच्याकडेच. पहाटे उठून कोपीतला, म्हणजे फडावरच्या झोपडीतला, स्वयंपाक, पाणी, लेकरू हेही तिचंच. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र नवऱ्याच्या नावावर येते आणि हिशेबही त्याच्याशीच होतो. दागिन्यांचा प्रसंग सांगितला की पालकसभेतल्या बायका खाली बघत नाहीत, सरळ बघतात. त्यांना बांचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

बा पहिल्यांदा तुरुंगात का गेल्या? गांधीजींनी सांगितलं म्हणून?

सगळ्यांत जास्त गैरसमज या प्रश्नाबाबत आहे.

१४ मार्च १९१३ ला दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताच्या न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्तींचं नाव सर्ल. ख्रिस्ती पद्धतीने झालेली किंवा नोंदणी झालेली लग्नंच कायदेशीर, असा त्या निकालाचा अर्थ होता. म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी बायका एका दिवसात कायद्याच्या दृष्टीने बायका उरल्या नाहीत आणि त्यांच्या मुलांचा वारसाहक्क धोक्यात आला. त्याशिवाय करार संपलेल्या मजुरांवर तीन पौंडांचा कर होताच.

सत्याग्रहात बायकांनीही उतरावं असं गांधीजींनी ठरवलं. डरबनजवळच्या त्यांच्या फिनिक्स आश्रमातल्या इतर बायकांशी ते बोलले, बांशी बोलले नाहीत. नवऱ्याने सांगितलं तर ती नाही म्हणणार नाही आणि मग तो तिचा निर्णय राहणार नाही, अशी त्यांची भीती. बांच्या कानावर ते बोलणं पडलं. त्यांनी येऊन सरळ विचारलं: मला का सांगितलं नाही? तुरुंगात जायला मी नालायक ठरावी असं माझ्यात काय कमी आहे? तुम्ही इतरांना ज्या वाटेने बोलावता त्या वाटेने मलाही यायचंय. तू भ्यालीस, कोर्टात थरथरलीस, तुरुंगातल्या हालांनी खचलीस तर माझी काय शोभा, असं गांधीजींनी घाबरवून पाहिलं. बा हटल्या नाहीत.

१५ सप्टेंबर १९१३ ला फिनिक्सहून सोळा जणांची तुकडी निघाली. त्यात चार बायका होत्या. परवान्याशिवाय शेजारच्या ट्रान्सव्हाल प्रांताची हद्द ओलांडायची आणि अटक झाली की नाव सांगायचं नाही, असं ठरलेलं. गांधींची माणसं आहेत हे कळलं असतं तर सरकारने कदाचित धरलंच नसतं. २३ सप्टेंबरला शिक्षा झाली: तीन महिने सक्तमजुरी. तुरुंग पीटरमारित्झबर्गचा. खाण्याबाबत बांचं व्रत होतं, त्यामुळे अन्नाचे फार हाल झाले. डिसेंबरात सुटल्या तेव्हा हाडांचा सापळा उरला होता, आणि पुढचे कित्येक महिने त्या अंथरुणालाच खिळून होत्या.

या बायकांच्या अटकेनंतर आंदोलन भडकलं, कोळशाच्या खाणीतले हजारो मजूर संपावर गेले. १९१४ साली कायदा झाला, तीन पौंडांचा कर गेला, आपल्या लग्नांना मान्यता मिळाली.

त्याच तुरुंगात एक लहान मुलगी होती म्हणतात, ती कोण?

वलिअम्मा. जोहान्सबर्गच्या तमिळ कुटुंबातली, सोळा वर्षांची. तिलाही तीन महिन्यांची शिक्षा झाली होती. तुरुंगातून ती ताप घेऊनच बाहेर आली आणि थोड्याच दिवसांत, २२ फेब्रुवारी १९१४ ला गेली. तुरुंगात गेल्याचा पस्तावा होतो का, असं गांधीजींनी विचारलं तेव्हा, आत्ता अटक झाली तरी पुन्हा जायला तयार आहे असं तिने सांगितलं होतं. बरोबर तीस वर्षांनी, त्याच तारखेला बा गेल्या. दहावीतल्या मुली भाषणासाठी नवीन काहीतरी मागतात, त्यांना मी वलिअम्माचं नाव देते.

बा शिवाशीव मानत होत्या का?

सुरुवातीला मानत होत्या. १९१५ साली अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम सुरू झाला. त्यात दुदाभाई, दानीबेन आणि त्यांची तान्ही लक्ष्मी हे अस्पृश्य समाजातलं कुटुंब राहायला आलं. आश्रमातल्या काहींना ते रुचलं नाही, त्यांत बाही होत्या. बाहेरून पैसा येणंही थांबलं. बांना हा बदल पचवायला वेळ लागला, पण त्या बदलल्या, आणि लक्ष्मी पुढे गांधीजी आणि बांची मुलगी म्हणून आश्रमात वाढली.

मराठवाड्यात नामांतराचा लढा झाला, त्यात माणसं मेली, घरं जळाली. इथल्या मुलींना जात काय असते हे कोणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच बांना आधीपासून निर्मळ दाखवणारं भाषण मला नको असतं. वयाच्या पंचेचाळिशीनंतर माणूस स्वतःच्या मनातली घाण काढू शकतो, हे आमच्या मुलींनी ऐकलेलं जास्त बरं.

चंपारणमध्ये बांनी काय केलं?

१९१७ साली बिहारच्या चंपारणात निळीच्या शेतकऱ्यांचा लढा झाला. चौकशीचं काम चालू असतानाच गांधीजींनी खेड्यांत शाळा काढल्या. शिकवायला माणसं महाराष्ट्रातूनही गेली. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन त्यांत होत्या. बा भितिहरवा गावाच्या भागात राहिल्या. बायकांना स्वच्छता सांगायची, आजारपणात औषध द्यायचं, हे त्यांचं काम.

तिथल्या काही बायकांचे कपडे फार मळलेले असत. त्या धूत का नाहीत ते विचार, असं गांधीजींनी बांना सांगितलं. बांनी विचारल्यावर एका बाईने त्यांना झोपडीत नेलं. बघा, इथे पेटी नाही, कपाट नाही. अंगावर आहे तेवढं एकच लुगडं. ते धुवायचं तर नेसू काय? महात्म्याला सांगून दुसरं मिळवून द्या, मग रोज अंघोळ करते, रोज धुते.

ही बाई पुरुषाला, तेही पुढाऱ्याला, झोपडीत नेऊन हे दाखवती का? मला नाही वाटत. बा तिथे होत्या म्हणून ते दार उघडलं. नेत्यासोबत त्याची बायको हिंडते तेव्हा तिचं काम हार स्वीकारणं असं आपण धरून चालतो. बांचं काम पुरुष कार्यकर्त्याला कधीच कळलं नसतं ते ऐकून येणं, हे होतं. दुष्काळात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला पाण्यावाचून काय काय अडतं, मासिक पाळीत काय होतं, हे आजही बाईच बाईला सांगते.

बांचा आपल्या भागाशी काही संबंध आहे का?

धागा आहे तो संस्थानी लढ्याचा. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भागापेक्षा आपला प्रश्न वेगळा होता, कारण समोर संस्थानिक होता. १९३८ च्या ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात गुजरातेत राजकोट संस्थानातही प्रजेचा लढा चालू होता. तिथले संस्थानिक ठाकोरसाहेब यांनी सुधारणांचं दिलेलं वचन मोडलं. वल्लभभाई पटेलांच्या कन्या मणिबेन यांना अटक झाली. राजकोट म्हणजे बांचं सासर. तिथल्या बायका तुरुंगात जात असताना मी घरी कशी बसू, असं त्यांना वाटलं. वय जवळजवळ सत्तर, तब्येत तोळामासा. तरी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्या राजकोटला गेल्या आणि अटक झाली. त्यांना बाहेरगावी, पुढे त्रंबा इथे स्थानबद्ध ठेवलं होतं.

जालना जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यात धोपटेश्वर नावाचं गाव आहे. तिथल्या दगडाबाई शेळके निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरल्या. त्यांचा मार्ग बांहून वेगळा, हत्यार हातात घेणारा. दोघींची नावं मी एकाच तासाला फळ्यावर लिहिते. संस्थानी राज्यातल्या बायकाही लढल्या, हे आपल्या पुस्तकांत फार थोडक्यात येतं.

बांना किती मुलं होती?

चार मुलगे मोठे झाले: हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास. धाकटे दोघे दक्षिण आफ्रिकेत जन्मले.

थोरल्या हरिलालचं वडिलांशी कधीच पटलं नाही. बॅरिस्टर व्हायला विलायतेला पाठवलं नाही, हा त्याचा राग. पुढे तो दारूच्या आहारी गेला, घरापासून तुटला. एकदा कटनी स्टेशनवर गाडी थांबली असताना लोक गांधीजींचा जयजयकार करत होते, तेव्हा गर्दीतून 'माता कस्तुरबा की जय' अशी एक हाक आली. तो हरिलाल होता. खिशातून त्याने एक मोसंबी काढली, आईला दिली, आणि ती तिनेच खावी असं बजावलं. आमच्याबरोबर चल, असं बा म्हणाल्या. तो आला नाही. देशाची आई झालेल्या बाईचं हे दुःख शेवटपर्यंत गेलं नाही.

चार रुपयांची गोष्ट काय आहे?

आश्रमात कोणी स्वतःजवळ पैसे ठेवायचे नाहीत असा नियम होता. बांकडे कोणीतरी दिलेले चार रुपये राहिले आणि त्यांनी ते जमा केले नव्हते. १९२९ साली गांधीजींनी 'नवजीवन'मध्ये लेख लिहून ते जगजाहीर केलं. ते स्वतःलाही सोडत नसत, हे मान्य. तरीही मला हा लेख कठोर वाटतो. पिठाच्या डब्यात चार पैसे दडवून ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला बांच्या मनात काय चाललं असेल ते कळेल.

बांचा मृत्यू कसा झाला? औषध मिळालं नाही असं मोबाईलवर येतं, ते खरं का?

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्याच संध्याकाळी त्यांची शिवाजी पार्कवर सभा होती. ती मी घेईन, असं बांनी जाहीर केलं. सभेला जाण्याआधीच त्यांना डॉ. सुशीला नायर यांच्यासह पकडलं, आधी आर्थर रोड तुरुंगात ठेवलं, मग पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत, १५ ऑगस्टला, गांधीजींचे सचिव, मुलासारखे महादेवभाई देसाई गेले. बा त्यातून सावरल्या नाहीत. हृदयाचा आजार वाढत गेला.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. संध्याकाळी गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून त्या गेल्या. मोबाईलवर जे फिरतं ते पेनिसिलिनबद्दल. तेव्हा ते औषध नवं होतं आणि मुश्किलीने मिळायचं. देवदासांनी ते विमानाने मागवलं. मरणाच्या दारात असलेल्या आईला दर काही तासांनी सुया टोचू नकोस, असं गांधीजींनी मुलाला सांगितलं, आणि त्याच दिवशी बा गेल्या. त्यांच्याजवळ डॉ. सुशीला नायर आणि डॉ. गिल्डर हे दोन डॉक्टर होते. गांधीजींचा तो सल्ला बरोबर होता की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. पण बिनउपचाराचं मरू दिलं, असं म्हणणं खोटं आहे. आजारी म्हाताऱ्या बाईला कैदेतून सोडलं नाही ते सरकारने, हे मात्र त्या मेसेजमध्ये कधी नसतं.

गांधीजींनी कातलेल्या सुताच्या लुगड्यात त्यांना अग्नी दिला. त्यांची समाधी तिथेच आहे, महादेवभाईंच्या शेजारी. सहल पुण्याला गेली तर शनिवारवाड्याबरोबर येरवड्याकडचा आगाखान पॅलेसही धरावा.

त्यांच्या नावाने पुढे काय उभं राहिलं?

त्या गेल्यानंतर लोकांनी स्मारक निधी जमवायचं ठरवलं. लक्ष्य पंचाहत्तर लाखांचं होतं आणि जमले एक कोटीहून जास्त. हा पैसा खेड्यातल्या बायका आणि लेकरांसाठीच वापरायचा, असं गांधीजींनी ठरवलं. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट झाला. मुख्य ठिकाण इंदूरजवळचं कस्तुरबाग्राम. महाराष्ट्रातलं काम प्रेमाबाई कंटक यांनी सासवडहून उभं केलं: ग्रामसेविका तयार करणं, बाळंतपणासाठी शिकलेल्या दाया, बालवाड्या.

२००४ साली केंद्र सरकारने मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी निवासी शाळांची योजना आणली आणि तिला बांचं नाव दिलं. आपली शाळा त्यातली.

या शाळेत कोणाला प्रवेश मिळतो? पैसे लागतात का?

पैसे लागत नाहीत. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं मोफत. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक मुलींसाठी तीन चतुर्थांश जागा, उरलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या मुलींसाठी. शाळा सुटलेल्या मुलींनाही घेतात, खरं तर त्यांच्यासाठीच ही योजना. सुरुवातीला सहावी ते आठवी होती, आता काही ठिकाणी बारावीपर्यंत सोय आहे. चौकशी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात किंवा गट साधन केंद्रात करावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांना विनंती: दसऱ्यानंतर टोळी निघायच्या वेळी धावपळ करू नका, जूनमध्येच या. लहान भावंडाला सांभाळायला म्हणून मोठीला फडावर नेऊ नका. भावंडांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते का, ते शाळेत विचारा.

भाषणात कोणत्या चुका टाळाव्यात?

बा 'येरवडा तुरुंगात' वारल्या असं लिहू नये, आगाखान पॅलेस लिहावं. कस्तुरबा आणि कमला नेहरू यांचे फोटो अदलाबदल होतात, नीट बघून लावावेत. 'प्रत्येक यशस्वी पुरुषामागे' हे वाक्य नको. १९१३ ला बा गांधीजींच्या मागून गेल्या नव्हत्या, त्यांच्या आधी तुरुंगात होत्या.

बांची जयंती कधी, आणि शाळेत काय करावं?

११ एप्रिल. महात्मा फुल्यांची जयंतीही त्याच दिवशी असते, त्यामुळे आपल्याकडे बांचा फोटो बऱ्याचदा कपाटातच राहतो. फुल्यांच्या शेजारी तो लावायला काहीच अडचण नाही. तोच दिवस देशात सुरक्षित मातृत्व दिन म्हणूनही पाळतात. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना किंवा आशाताईंना बोलवावं आणि मोठ्या मुलींशी पाळी, रक्तक्षय, बाळंतपण यांवर मोकळेपणाने बोलू द्यावं. एप्रिलमध्ये बहुतेक टोळ्या गावी परतलेल्या असतात. म्हणून त्या दिवशी आयांना आवर्जून निरोप द्यावा, आणि भाषणाआधी त्यांना बोलू द्यावं. सकाळी अकराच्या आत ठेवलं तर उन्हाचा त्रास होत नाही, आणि दुपारच्या एसटीने त्या घरी पोचतात.